गोचीड काढली, पुढं काय?

या महिन्यात गोचिडीवरचीच पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत, राग मानू नका. थंडी सरून ऊन तापायला लागलं की पठारावर, काजूच्या बागेत, गोठ्यात सगळीकडं यांचा सुळसुळाट होतो. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत, बाकी भाषा ज्याची त्याची.

प्रश्न: डॉक्टर नमस्कार. आम्ही मित्रमित्र मसाई पठारावर गेलतो, तिथंच गवतात बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना कमरेला पट्ट्याच्या खाली काहीतरी हाताला लागलं, वाटलं चामखीळ असंल, नीट बघतोय तर पाय हलतायत. मित्र म्हटला काडी पेटवून लाव आपोआप सुटती, आई म्हटली रॉकेल लाव, दोन्ही केलं, शेवटी नखानं ओढून काढली. पण डोकं आतच राहिलंय असं वाटतंय, काळा ठिपका दिसतोय आणि भोवती लाल झालंय. सुईनं कोरून काढू का? इंजेक्शन घ्यावं लागंल का? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: भावा, आधी ती सुई लांब ठेव. आत राहिलंय ते डोकं नाही, सोंडेचा तुकडा आहे. गोचिडीची सोंड करवतीसारखी असते, तिच्यावर मागं वळलेले बारीक दाते असतात, आणि बऱ्याच जाती सोंड आत घातली की भोवती एक चिकट पदार्थ सोडतात जो घट्ट होतो, म्हणून ती एवढी पक्की बसते आणि ओढताना टोक तुटतं. तुटलेल्या तुकड्यातून पुढं आजार वाढत नाही, कारण जंतू असतात ते तिच्या लाळेत आणि पोटात, आणि ती तर तू काढून टाकलीस. राहिलेला तुकडा काही दिवसांत कातडीच बाहेर ढकलते. कोरायला गेलास तर मात्र तिथं पू होणार हे जवळजवळ ठरलेलं. साबण-पाण्यानं धू, वर बीटाडीन लाव, आणि सोडून दे.

भोवतीचा लालसरपणा आणि खाज पहिले दोन-चार दिवस राहते, ती तिच्या लाळेची रिअॅक्शन असते, त्याला घाबरायचं कारण नाही. लाली पसरत चालली, गरम लागायला लागलं, ठणकायला लागलं किंवा पू दिसला तर दाखवायला ये. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या दहा वर्षांत झालं नसेल तर घेऊन टाक, बाकी वेगळं कसलं इंजेक्शन लागत नाही.

आता काडी आणि रॉकेलाचं. हे घराघरात सांगतात, आणि सांगणारा काळजीनंच सांगत असतो, पण खरंच करू नका. चटका बसला की किंवा अंगावर रॉकेल, नेलपॉलिश, व्हॅसलिन, चुना असलं काही पडलं की गोचीड लगेच सुटत नाही, उलट पोटातलं आणि लाळ जखमेत सोडायची शक्यता वाढते, आणि ती सुटायची वाट बघण्यात तास-दोन तास जातात ते वेगळेच. हे सगळे उपाय मला वाटतं जळवेवरून आलेत. पावसाळ्यात आंबा घाटाकडं, गगनबावड्याकडं गेलं की जळवा लागतात, त्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की त्या पटकन सुटतात हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. पण जळू तोंडानं नुसती चिकटून बसलेली असते, गोचीड आत रुतून बसलेली असते, दोघींना एकच उपाय कसा चालेल.

बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, मेडिकलमधे मिळतो, भुवयांचा असतो तोही चालतो. गोचिडीचं फुगलेलं पोट धरायचं नाही, कारण पोट दाबलं की आतलं सगळं जखमेत जातं. कातडीला अगदी टेकवून, जिथं सोंड आत गेलीय तिथंच धरायचं आणि सरळ वर, सावकाश, एकसारखा ताण देत ओढायचं. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. कातडी थोडी वर उचलली जाते, जरा वेळ तसंच धरून ठेवलं की ती सुटते. चिमटा नसलाच तर बोटांवर प्लास्टिकची पिशवी घेऊन तसंच करायचं, चिमटा शोधत संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. मग जागा आणि हात दोन्ही साबणानं स्वच्छ धुवायचे. काढलेली गोचीड नखावर चिरडायची नाही हे मात्र लक्षात ठेव, त्याबद्दल खाली एका पत्रात आहेच.

इथंपर्यंतचं बहुतेक लोक कसंबसं निभावतात, राहतं ते पुढचं आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला लिही, गोचीड, कंबर. तिथून पुढं महिनाभर ताप येतोय का एवढंच बघायचं. आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्या वाक्यात आपणहून सांगायचं की मला अमुक तारखेला गोचीड चावली होती.

हे एवढं ताणून का सांगतोय ऐक. आपल्या महाराष्ट्रात गोचिडीपासून जो ताप होतो त्यात टिक टायफस हा ओळखीचा आहे, नावात टायफस असलं तरी टायफॉईडशी त्याचा काही संबंध नाही, हा रिकेट्सिया नावाच्या जंतूचा आजार. चावल्यानंतर साधारण दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही ताप चढतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं, अंग मोडून येतं, आणि तीन ते पाच दिवसांनी अंगावर लाल पुरळ येतं जे तळहातावर आणि तळपायावरसुद्धा दिसतं. तळव्यावर पुरळ येणारे ताप फार थोडे आहेत, म्हणून ही मोठी खूण आहे. पण होतं काय, पहिल्या दिवशी पेशंट येतो तेव्हा पुरळ नसतं, गोचीड चावल्याचं तो विसरलेला असतो किंवा सांगण्यासारखं काय त्यात असं त्याला वाटतं, मग व्हायरल म्हणून गोळ्या, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं की प्लेटलेट कमी दिसतात कारण या तापातही त्या कमी होतात, मग सगळे डेंग्यू डेंग्यू करत सलाईन लावतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी कुणीतरी तळहात उलटा करून बघतं. या सगळ्या वेळात ज्यानं ताप उतरला असता ती डॉक्सीसायक्लिन नावाची स्वस्तातली गोळी प्रत्येक मेडिकलमधे पडून असते. वेळेत सुरू झाली तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर किडनी, फुप्फुस, मेंदू यांवर जाऊ शकतं, माणसं दगावतात. म्हणून गोचीड चावली होती हे तुझे तीन शब्द कुठल्याही रिपोर्टइतके किमतीचे आहेत.

आणि म्हणून आत्ताच ती गोळी खाऊन टाकू का, असं विचारशील तर नको. ताप नसताना आधीच घेतलेल्या गोळीचा या आजारात फायदा नाही. बहुतेक गोचिडी चावून काहीच होत नाही हेही तितकंच खरं आहे.

प्रश्न: मी ट्रेकिंग करतो. नेटवर वाचलं की गोचीड चोवीस तासांच्या आत काढली तर काही होत नाही, आणि गोल रिंगसारखा डाग आला तर लाइम असतं. मला डाग नाही म्हणजे मी सेफ का? – राजारामपुरी

उत्तर: तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण ते अमेरिका-युरोपातल्या गोचिडीबद्दलचं आहे. तिकडं गोचिडीपासून होणारा लाइम हा मुख्य आजार, तो पसरायला गोचीड बराच वेळ चिकटून राहावी लागते, म्हणून ते चोवीस-छत्तीस तासांचं गणित आणि तो रिंगचा डाग. आपल्याकडं लाइमच्या केसेस फारच थोड्या नोंदल्यात. आपले जे ताप आहेत त्यांना एवढा वेळ लागत नाही, आणि तसला डागही येत नाही. त्यामुळं आज दुपारी दिसली तर आज दुपारीच काढायची, आणि डाग नाही म्हणून निश्चिंत न होता वर सांगितल्यासारखं ताप बघायचा.

ट्रेकवाल्यांना एक-दोन गोष्टी. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून डोक्यात पडते हाही गैरसमज आहे. ती गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि कुणी घासून गेलं की त्याला धरते, मग वर चढत चढत मऊ उबदार जागा शोधते. म्हणून पँटची टोकं मोज्यात खोचायची, फिकट रंगाचे कपडे घालायचे म्हणजे चढताना दिसते, आणि डीट (किडे लांब ठेवणारं औषध) असलेलं मलम उघड्या अंगाला लावायचं. घरी आल्यावर लगेच आंघोळ, आणि आंघोळीत हातानं चाचपायचं, गुडघ्याच्या मागं, जांघेत, बेंबीत, काखेत, कानामागं, मानेवर केस सुरू होतात तिथं. चावताना दुखत नाही कारण तिच्या लाळेत बधिर करणारी द्रव्यं असतात, त्यामुळं दुखलं नाही म्हणजे नाही असं धरू नका. पिल्लं तिळाएवढी असतात, नुसत्या नजरेला मळ वाटतो.

प्रश्न: माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या कानात गोचीड गेली होती, ती रात्रभर रडत होती. सासूबाईंनी कोमट तेल सोडलं, मी केसाच्या पिनेनं काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी काढली. पुढं कानाला काही होईल का? – एक आई, उचगाव

उत्तर: ताई, डॉक्टरांनी काढलीय म्हणजे मोठं काम झालंय. त्यांनी दिलेले थेंब पूर्ण संपवा, कान आठवडाभर कोरडा ठेवा, डोक्यावरून अंघोळ घालताना कापसाचा बोळा लावा. कानातली गोचीड आपल्याकडं लहान मुलांमधे बऱ्यापैकी दिसते, विशेषतः घरात कुत्रं किंवा शेजारी गोठा असेल तर. पुन्हा कधी असं झालं, तुमच्याकडं किंवा शेजारी, तर तेल, पाणी, पिन, काडी काही नको. ती कानाच्या नळीला किंवा पडद्याला रुतलेली असते, नुसतं तेल घालून बाहेर येत नाही, आणि पिनेनं पडदा फाटायची भीती. कानाचे डॉक्टर आधी बधिर करून दुर्बिणीखाली बघत चिमट्यानं काढतात.

एक खूण तेवढी डोक्यात ठेवा. अशा गोचिडीमुळं कधीकधी त्याच बाजूचं तोंड वाकडं होतं, म्हणजे डोळा नीट मिटत नाही, हसताना ओठ एकाच बाजूला जातो. असं दिसलं तर रात्र असली तरी थांबायचं नाही. आणि मुलीला महिनाभरात ताप आला तर बालरोगतज्ज्ञांना गोचिडीचं सांगा. डॉक्सीसायक्लिननं मुलांचे दात पिवळे होतात म्हणून आईबाप ती गोळी द्यायला घाबरतात, जुन्या त्याच गटातल्या औषधांची ती भीती आहे. अशा तापात थोड्या दिवसांचा कोर्स लहान मुलांनाही आता पहिलं औषध म्हणून देतात, डॉक्टरांनी लिहिली तर नाही म्हणू नका.

प्रश्न: आमच्या लॅब्रॅडॉरला गोचिडी झाल्यात. शाम्पू झाला, पावडर झाली, आठ दिवसांत पुन्हा तेच. आता भिंतीवर चढताना दिसतायत. घरात लहान बाळ आहे. कुत्रं देऊन टाका असं सगळे म्हणतायत. – नागाळा पार्क

उत्तर: कुत्रं देऊ नका, त्याचा काही दोष नाही, आणि ते गेलं तरी गोचिडी घरातच राहणार. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड अशी आहे की तिचा जन्म, वाढ, अंडी सगळं घरातच होऊ शकतं. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी टम्म फुगली की खाली पडते, भिंतीच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत, फोटोच्या फ्रेममागं, दाराच्या चौकटीत जाऊन हजारांनी अंडी घालते आणि मरते. पिल्लं मग भुकेली महिनोन्महिने थांबू शकतात. तुम्ही शाम्पूनं कुत्र्यावरच्या मारताय, घरात आहेत त्या तशाच आहेत, म्हणून आठ दिवसांत पुन्हा तेच.

दोन्हीकडं एकदम काम करावं लागेल. जनावरांच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे चघळायची गोळी लिहून घ्या, महिन्याची किंवा तीन महिन्यांची असते, ती महाग वाटते पण शाम्पूवर गेलेले पैसे मोजलेत तर तशी नाही वाटणार. त्याचवेळी घरात पेस्ट कंट्रोल, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण अंड्यांवर औषध फारसं चालत नाही. फवारणीच्या दिवशी बाळाला घेऊन माहेरी किंवा नातेवाइकांकडं जा. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका. भिंतीच्या फटी भरून घ्या, हे गवंड्याचं काम लोक टाळतात आणि तिथंच फसतात. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कुत्र्याच्या काही औषधांमधलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं बाधतं.

कुत्रं जेवेना झालं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर तो टिक फीवर असू शकतो, लगेच रक्त तपासा. तो ताप त्याच्याकडून थेट बाळाला लागत नाही, गोचीड मात्र दोघांनाही चावू शकते, म्हणून रोज संध्याकाळी बाळाचे कान, मान, जांघा बघत जा.

प्रश्न: आमचा गोठा हाय, चार एचएफ (होल्स्टिन) गाई आणि एक म्हैस. उन्हाळा आला की गोचिडीनं जनावरं हैराण होत्यात. सासूबाई रोज धार काढायच्या आधी कासंजवळच्या, कानातल्या गोचिडी वेचत्यात आणि दोन नखांत धरून फोडत्यात, हात रक्तानं माखतोय, तसाच पुसून धारंला बसत्यात. मी बोलले की म्हणत्यात आमचा जन्म गेला ह्यात. खरंच काय धोका हाय का? दुधातनं काय होतंय का? – कागल तालुका

उत्तर: वहिनी, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, आणि सासूबाईंना हे उत्तर तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे सुनेचं ऐकल्यासारखं होणार नाही. त्यांचा जन्म गेला ह्यात हे खरं आहे, वेचून काढायची त्यांची सवयही चांगली आहे, नख तेवढं चुकीचं आहे. गोचिडीच्या पोटातल्या रक्तात जंतू असतात आणि राबणाऱ्या बाईच्या बोटांना कुठं ना कुठं चीर असतेच, शेणा-पाण्यानं, विळ्यानं. फोडलं की ते सगळं त्या चिरेत जातं, किंवा तोच हात डोळ्याला लागतो. क्रायमियन-काँगो नावाचा एक ताप आहे, भारतात तो पहिल्यांदा २०११ साली गुजरातेत अहमदाबादजवळ सापडला, त्या वेळी रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. जनावराला त्याचं काही लक्षण दिसत नाही, माणसाला मात्र रक्तस्रावापर्यंत जातो. आपल्याकडं ही रोजची गोष्ट नाही, उगाच भीती घालायची नाहीय, पण हा आजार चाव्यातून होतो तसा नखानं चिरडण्यातूनही होतो.

मग करायचं काय, तर एक जुना डबा घ्या, त्यात थोडं रॉकेल किंवा डिझेल घाला, रबरी हातमोजे घाला, चिमट्यानं गोचीड काढा आणि डब्यात टाका. माणसाच्या अंगावर असताना रॉकेल नको म्हटलं, काढल्यावर डब्यात चालतं. मग हात साबणानं धुवून, कास धुवून, धारेला बसा. दूध उकळून प्यायलात तर गोचिडीपायी दुधाची काळजी करायचं कारण नाही.

पण चार एचएफ गाईंना वेचून पुरं पडणार नाही. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, आणि घालते ती गाईवर नाही, गव्हाणीच्या फटीत, दगडी भिंतीच्या सांध्यात, शेणकाडीच्या ढिगात. गाईवर फवारलं त्याच दिवशी गोठ्यावरही फवारायचं, भिंत माणसाच्या उंचीपर्यंत, कोपरे, गव्हाणीच्या खाली. दोन-तीन आठवड्यांनी परत. औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाण्यात, जास्त घातलं की लवकर मरतात असं नसतं, जनावर तोंडाला फेस आणून पडतं अशी उदाहरणं गावागावात आहेत. सकाळी, जनावर पाणी पिऊन झाल्यावर, वाऱ्याकडं पाठ करून आणि तोंडाला रुमाल बांधून फवारा, वैरणीवर आणि पाण्यात उडू देऊ नका. दुधावरच्या गाईला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन शेजाऱ्यानं दिलं म्हणून देऊ नका, ते दुधात उतरतं. दूध संघाच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच. गोठ्याला चुना मारून घ्या, फटी लिंपून घ्या. कोंबड्या मोकळ्या असतील तर त्या बऱ्याच वेचून खातात, तेही काही कमी नाही.

गाईला जोराचा ताप आला, कानाखाली किंवा खांद्यापुढं गाठी सुजल्या तर थायलेरिओसिस, आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसिओसिस, दोन्ही गोचिडीपासूनच. एचएफ आणि जर्सी संकरित गाई यात पटकन खचतात, गावठी गाय बऱ्यापैकी तगते. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

प्रश्न: ऊस खुरपायला जाते. आठ दिवस ताप उतरेना, तपासताना काखेत काळी खपली सापडली. डॉक्टर म्हणाले कीडा चावलाय. मला तर गोचीड कधी दिसलीच नाही. – शिरोळ तालुका

उत्तर: ताई, दिसली नाही कारण ती बहुतेक गोचीड नव्हतीच. तुम्ही सांगताय ते स्क्रब टायफसशी जुळतं, तो माइट नावाच्या किड्याच्या पिल्लापासून होतो, ते एवढं बारीक असतं की डोळ्याला दिसतच नाही. झुडपात, गवतात, बांधावर असतं. चावल्याच्या जागी न दुखणारी काळी खपली होते, भोवती लाल कडा, आणि ती नेमकी काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेच्या नाडीच्या रेषेवर असते, म्हणून अंगावरचे कपडे न काढता तपासलं की चुकते. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने याचा जोर असतो. औषध तेच, डॉक्सीसायक्लिन. बाई गरोदर असेल तर अझिथ्रोमायसिन देतात, म्हणून दिवस गेले असतील तर आधी सांगायचं. दाखवायला लाज वाटली म्हणून खपली लपवू नका, बाई डॉक्टर किंवा सिस्टरना दाखवा, पण दाखवा.

प्रश्न: आमची काजूची बाग तिलारीच्या वरच्या अंगाला आहे. खाली दोडामार्गात माकडताप आलता, आता इकडं पण येतोय का? रानात परवा एक वानर मरून पडलेलं होतं. लस मिळते का? – चंदगड

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरं पटापट मरायला लागली आणि मग माणसं आजारी पडली तेव्हा तो ओळखला गेला. २०१५ ला गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना झाला, २०१६ ला दोडामार्गात. म्हणजे तुमच्या घाटाखालीच. रान तेच, वानरं तीच, गोचीड काही जिल्ह्याची हद्द बघत नाही, म्हणून जपून राहायलाच पाहिजे.

मेलेल्या वानराजवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, पुरायचं-जाळायचं आपण करायचं नाही. अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, ते येऊन औषध टाकतात आणि नमुने घेतात. पोरांना, जनावरांना त्या बाजूला सोडू नका.

डिसेंबर ते मे हा याचा हंगाम आणि काजूचाही तोच, हीच अडचण आहे. बी गोळा करताना माणूस पालापाचोळ्यात तासन् तास वाकलेला असतो, बायका तर जमिनीवर बसून बोंड पिळून बी काढतात. खाली ताडपत्री टाकून बसा. अंगभर कपडे, गमबूट, आरोग्य खात्याकडून अंगाला लावायचं तेल मिळत असेल तर ते लावा. रानातला पाला गोठ्यात अंथरायला किंवा राबासाठी आणता, तो या महिन्यांत घराजवळ रचू नका. रानातले कपडे दारातच काढून कढत पाण्यात टाका.

चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप येतो, कपाळ ठणकतं, कंबर-पाय गळून जातात, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात, काहींना हिरड्यातून नाकातून रक्त येतं. काही जणांना बरं वाटून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि बडबड, थरथर सुरू होते, म्हणून पहिला ताप उतरला की लगेच रानात पळायचं नाही. हा विषाणूचा आजार, त्यामुळं डॉक्सीसायक्लिन यावर चालत नाही, खास औषधही नाही, पण वेळेत दवाखान्यात सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक लोक बरे होतात, शंभरात तीन ते पाच दगावतात. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीची गोळी म्हणून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन काही घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. तपासणीचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जातात, ते तालुक्याचा दवाखाना किंवा कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय पाठवू शकतं, त्यासाठी आधी माकडतापाचा संशय कुणाच्या तरी मनात यायला हवा, आणि तो यायचा तर रान, वानर, गोचीड या तिन्ही गोष्टी तुम्हीच सांगायच्या. माणसाकडून माणसाला हा लागत नाही, घरच्यांनी पेशंटजवळ बसायला भ्यायचं कारण नाही. जुनी लस होती तिचा उपयोग कमी पडला, लसीच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न: काढलेली गोचीड डॉक्टरांना दाखवायला ठेवायची का टाकायची? – जयसिंगपूर

उत्तर: ठेवा. छोट्या डबीत स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर घालून त्यात टाका, वर तारीख आणि अंगावरची जागा लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. नाण्याशेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढलात तरी चालतं. ती लॅबला पाठवून तपासायची गरज नाही, जंतू सापडला तरी तुम्हाला आजार होईलच असं नसतं, आणि औषध आम्ही तुमची लक्षणं बघूनच देतो. डबीचा उपयोग एवढाच की ती गोचीडच होती, माइट किंवा ढेकूण नव्हता, हे आम्हाला कळतं. महिनाभर ताप आला नाही तर टाकून द्या.